मागचं झाकण

ऑफिसात तोंडावर सगळे त्यांना 'साहेब' म्हणायचे आणि पाठ वळली की 'खूणसाहेब'. घर बदलताना आपटलेल्या, फुटलेल्या, बंद पडलेल्या जुन्या वस्तूंच्या विम्याचे क्लेम तपासणं हे आमचं काम. साहेब कोणाच्याही दारात उभे राहिले की चपला काढायच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "खूण कुठे आहे?"

समोरचा माणूस आधीच वैतागलेला. सामान अजून खोक्यात, गॅस जोडलेला नाही, त्यात टीव्ही लागत नाही. त्याला वाटायचं, साहेब येतील, बटण दाबून बघतील, टीव्ही बंद आहे म्हणून मान हलवतील. हातच्या कांकणाला आरसा कशाला! पण साहेब बटणाला हात लावत नसत. वस्तूभोवती बॅटरी मारत एक चक्कर, मग कोपऱ्यांवरून हळूच बोट. पोचा, तडा, खरचटलेलं, काहीतरी बाहेरून दिसलं पाहिजे. दिसलं तर पुढे बोलायचं. नाही दिसलं तर बॅटरी खिशात टाकून म्हणायचे, "आतला बिघाड आहे. तो प्रवासात झाला की आधीच होता, हे देव जाणे. पॉलिसीत बसत नाही."

त्यांचा दुसरा प्रश्न मागच्या झाकणाचा. "उघडलंत का?" एखादा स्क्रू जरी फिरवलेला दिसला तरी क्लेम तिथेच संपला. लोक घरी खटपट करतात, मेव्हण्याच्या ओळखीचा कोणीतरी येऊन दोन वायरी जास्तीच्या तोडून जातो आणि पाप येतं ट्रकवाल्याच्या माथ्यावर, असं साहेबांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण नियम सांगताना इतरांच्या आवाजात थोडी तरी लाज असायची. साहेबांच्या आवाजात समाधान असायचं, आणि त्याचा मला राग यायचा.

मी कामाला लागले तेव्हा मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. शिकवलं मात्र त्यांनी मन लावून. "खोकं, थर्माकोल आणि वस्तू," ते म्हणायचे, "तिघांनी एकच साक्ष दिली पाहिजे. खोक्याचा कोपरा चेपला असेल तर आतला थर्माकोलही तिथेच तुटलेला हवा आणि वस्तूही तिथेच दबलेली हवी. एक जरी साक्षीदार फुटला, तर केस खोटी."

एकदा एका गृहस्थांनी आमच्या येण्याआधी आपल्या टेपरेकॉर्डरला हातोडीने सणसणीत ठोका दिला होता. साहेबांनी बोट फिरवलं आणि शांतपणे सांगितलं, "हातोडीची खूण गोल असते. पडलेली वस्तू कोपऱ्यावर चेपते. पुढच्या वेळी कोपऱ्यावर पाडा." गृहस्थांचा चेहरा असा झाला, की जिना उतरेपर्यंत मला हसू आवरेना. साहेब हसले नव्हते. आता त्या वाक्यावर मलाही हसू येत नाही.

दुसऱ्या एका घरात एक निवृत्त शिक्षिका होत्या, एकट्याच. त्यांचा कॅसेट वाजवायचा जुना डेक मुका झाला होता आणि बाहेरून नव्यासारखा लख्ख होता. साहेबांनी नेहमीचं वाक्य ऐकवलं. बाई काही भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्हणजे माझं काहीच मोडलं नाही, असंच ना?"

"बाहेरून नाही," साहेब म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर मी तोंड फुगवून चालत होते. साहेबांच्या ते लक्षात आलं. "अगं, आत बघायला लागलो तर प्रत्येकाचंच काही ना काही मोडलेलं निघतं," ते म्हणाले. "कंपनी बुडेल." मग टपरीवर त्यांनी मला चहा पाजला. माणूस वाईट नव्हता. आयुष्यात कोणाची काडी उचलली नाही, कोणाची भीड धरली नाही आणि स्वतःसाठी कोणाला शब्द टाकला नाही. ओळखीने होणाऱ्या कामाला ते चोरीच म्हणायचे.

काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, दुखण्यालाही बाहेरून खूण नव्हती. रंग तसाच उजळ, केस नीट विंचरलेले, चालणं ताठ. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, मग पडेनासंच झालं, मग गॅसवर रिकामं पातेलं तापत राहिलं. साहेबांना वाटलं, लक्ष नसतं हिचं. डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी म्हणे विचारलं, "पण दिसायला तर ठणठणीत आहे हो." हे मला त्यांच्या लेकीने फोनवर सांगितलं. ती दूर दुसऱ्या शहरात असते. सांगताना ती रडत होती आणि बापावर चिडलेलीही होती.

साहेब निवृत्त झाले आणि घरी बसून काकूंना सांभाळायला लागले. संध्याकाळ फार वाईट जायची. उन्हं उतरली की काकूंची घालमेल सुरू व्हायची. पिशवीत एक साडी, कंगवा, कधी नुसतीच वाटी घालून त्या दाराशी उभ्या राहायच्या. "अहो, घरी चला ना. उशीर होतोय." बसल्या होत्या त्या स्वतःच्याच घरात. समजावून उपयोग नसायचा, रागावलं तर त्या घाबरायच्या. एकच गोष्ट लागू पडायची, ती म्हणजे रेडिओ.

तो त्यांच्या लग्नानंतर लगेच घेतलेला. लाकडी पेटीचा, आत बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह असलेला. लावला की आधी काट्यामागे पिवळा उजेड यायचा, मग पेटी तापायला लागायची आणि मग कुठे घुमत घुमत आवाज. काय लागलंय याच्याशी काकूंना देणंघेणं नव्हतं. त्या पेटीवर तळहात ठेवून उभ्या राहायच्या. हाताला ऊब लागली की चेहरा निवळायचा. "आलो बाई घरी," म्हणायच्या, आणि पिशवी ठेवून खुर्चीत बसायच्या. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कोणत्याही औषधाने इतकं काम केलं नसतं.

पण ते घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि काकू कधी दार उघडून उतरायला लागतील याचा नेम नाही. एकदा त्या मधल्या मजल्यावर भिंतीला धरून उभ्या सापडल्या, वरही जाता येईना आणि खालीही. तेव्हा साहेबांनी तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर बघितलं. जे केलं ते काकूंसाठीच केलं, हे मला सांगितलंच पाहिजे.

सामान हलवायच्या दिवशी मी मदतीला गेले होते. भांडीकुंडी कशीही गेली तरी साहेबांना चालणार होती. डोळ्यांत तेल घालून ते उभे होते फक्त रेडिओपाशी. तरी स्वतः हात लावत नव्हते. पॅकिंगवाल्या दोघांना सांगत होते, थर्माकोल इथे, पट्टी तिथे.

"साहेब, कशाला एवढा खटाटोप?" मी म्हटलं. "मी गाडीत मांडीवर घेऊन बसते. फुलासारखा पोचवते."

"मांडीवर नेलेल्या वस्तूचा विमा नसतो," ते म्हणाले. "आणि मालकाने स्वतः बांधलेलं खोकंही पॉलिसीत बसत नाही. मी रीतसर पॉलिसी घेतली आहे."

एवढं बोलून ते पुन्हा पट्टीकडे वळले. माझी मांडी रिकामीच गेली आणि रेडिओ ट्रकमधून.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक क्लेम माझ्या टेबलावर आला. नाव वाचलं आणि मी चमकले. रेडिओ, जुना, प्रवासात पडल्याने नुकसान. फोन न करता मी तशीच उठून गेले.

नव्या घराचं दार साहेबांनी उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यांच्यामागे काकू पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. दुपार अजून सरली नव्हती. "तुम्ही त्या गावच्याच का?" त्यांनी मला विचारलं. "आम्हाला घरी सोडाल?"

"आता दिवसभर असंच चालू असतं," साहेब म्हणाले. "रात्री डोळा लागतो तेवढाच."

रेडिओ टेबलावर होता. मागचा खालचा कोपरा चेपून लाकूड दुभंगलं होतं. साहेबांनी हकीकत सांगितली. खोकं उघडून रेडिओ लावला, तर काहीच नाही. उजेड नाही, ऊब नाही, आवाज नाही. काकूंनी तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला आणि मग पिशवी भरायला घेतली. गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्तीवाला बसतो, त्याला साहेबांनी बोलावून आणलं. तो म्हणाला, "काका, असलं काही मी आयुष्यात पाहिलं नाही. पण उघडून बघू का? एखादं काही सुटलं असेल तर बसवून टाकू."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? म्हटलं, हात लावू नकोस. झाकण उघडलं की क्लेम गेला."

मी बॅटरी काढली आणि कोपऱ्यावरून बोट फिरवलं. ते शेजारी उभे होते, आणि ज्या माणसाने मला हे बोट फिरवायला शिकवलं त्याच्याच वस्तूवर ते फिरवताना मला कसंसंच होत होतं. कोपरा खरोखर पडल्यासारखाच चेपला होता, हातोडीची गोल खूण नव्हती. साहेबांनी खोकं आणून दाखवलं, त्याचाही तोच कोपरा दबलेला. मी सवयीने म्हटलं, "आणि थर्माकोल?"

साहेबांची नजर न्हाणीघराकडे गेली.

थर्माकोल न्हाणीघराच्या दाराशी उभा करून ठेवलेला मला दिसत होता. कोपऱ्याचा तुकडाही तिथेच होता, पांढरास्वच्छ, कणही न निघालेला. वस्तू आणि खोकं पढवून ठेवलं होतं. मधला साक्षीदार पढवायचा राहिला होता. इतरांना ज्याने आयुष्यभर पकडलं, त्याला स्वतःला साधं खोटं धड करता आलं नव्हतं.

"तू बघितलंस," ते म्हणाले. "मलाही आत्ताच सुचतंय बघ." मग खाली बसले. "बाहेरून खूण नव्हती गं. एकही नव्हती. मी तीनदा बघितलं."

"म्हणून तुम्ही..."

"कोपऱ्यावर पाडला. गुडघ्याएवढ्या उंचीवरून, जास्त नाही. पैसे नको आहेत मला, एक छदामही नको. पण क्लेम मंजूर झाल्याशिवाय वस्तू कंपनीच्या दुरुस्तीखात्यात जात नाही. असल्या रेडिओचं काम कळणारा आपला मिस्त्री तिथेच आहे. दुसरं कोणी उरलंय का आता?"

मला रडावं की ओरडावं कळेना. "साहेब, मिस्त्रींना एक फोन करायचा होता. तुमचं नाव ऐकून ते संध्याकाळी घरी आले असते. चहाही मागितला नसता त्यांनी!"

"ओळखीने?" साहेबांनी मान वर केली. "इतक्या लोकांना मी दारातून परत पाठवलं आणि माझं काम ओळखीने करून घेऊ? माझ्याकडे पॉलिसी होती."

मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला, की जीभ चावून धरावी लागली. खोटी खूण करायला हात उचलला, पण एक फोन करायला जीभ उचलली नाही! आणि ही खूण त्यांना ओळखीपेक्षा बरी वाटली, कारण ती निदान नियमाच्या भाषेत बोलत होती. दाराशी काकू कडीशी चाळा करत होत्या. "अहो, चला ना."

मी क्लेमचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो मागे घेतल्याची सही केली. ते सही करत असताना मी दुसरीकडे बघितलं. मग रेडिओ चादरीत गुंडाळून मी मांडीवर घेतला आणि गाडीने थेट मिस्त्रींकडे नेला. सामान हलवतानाच जायला हवा होता तसा, फक्त फार उशिरा.

मिस्त्री म्हणजे तिरसट माणूस. तोंडाने एक शिवी आणि हाताने काम, दोन्ही एका वेळी चालायचं. "खूणसाहेबांचा? आणि त्यांनी मला सांगितलं नाही? माणूस आहे की कोण?" असं पुटपुटत त्यांनी मागचं झाकण काढलं.

आत काचांचा चुरा होता. स्पीकरचा जड लोहचुंबक फळीपासून सुटून व्हॉल्व्हच्या रांगेवर आदळला होता. चार व्हॉल्व्हची नुसती बुडं आपापल्या जागी रुतून राहिली होती, वरची काच गेलेली. पाचवा मिस्त्रींनी चुऱ्यातून चिमटीने उचलला, फुंकर मारली आणि उजेडात धरला. त्याला ओरखडाही नव्हता.

"हा बघा शहाणा," ते म्हणाले. "हा ट्रकच्या धक्क्यांनी जागेवरून वर आलेला. या रेडिओत सगळे एकाच माळेत जोडलेले असतात. एक सुटला की सगळे गार, काट्यामागचा दिवासुद्धा. म्हणून लागत नव्हता. बाकी काही झालं नव्हतं याला. रेडिओ पडला तेव्हा हा नुसता घरंगळून बाजूला गेला, म्हणून वाचला. जे जागेवर घट्ट बसले होते ते मेले."

"मग काय करायला हवं होतं?"

"करायचं काय त्यात? बोटाने खाली दाबायचा. तुम्हीसुद्धा दाबला असता." त्यांनी व्हॉल्व्ह माझ्या हातात ठेवला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"आता?"

"आता चार कुठून आणू? माझ्या डब्यात या जातीचा एक नाही. स्पीकरही फाटलाय. आतमध्ये नवा छोटा रेडिओ बसवून देतो म्हटलं तर देईन, आवाज येईल. दिवाही लावून देईन."

"ऊब येईल?"

मिस्त्रींनी माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. "नव्या रेडिओला कुठली ऊब?"

परत जाताना मी मनाशी ठरवलं, हे साहेबांना सांगायचं नाही. माणसाला जगायला थोडं तरी अज्ञान लागतं. सांगायचं की प्रवासातच सगळं मोडलं होतं, उघडून काही उपयोग झाला नसता. तो शाबूत व्हॉल्व्ह मी रुमालात बांधून पर्समध्ये अगदी तळाशी टाकला.

साहेबांनी रेडिओ माझ्या हातून घेतला आणि टेबलावर ठेवला. "झालं नाही ना?" म्हणाले. माझ्या चेहऱ्यावर ते लिहिलेलंच असणार.

"नाही साहेब. व्हॉल्व्ह मिळत नाहीत आता. सगळं आधीच मोडलं होतं."

मग त्यांनी रेडिओ फिरवला, मिस्त्रींनी नुसतं टेकवून दिलेलं झाकण काढलं, खिशातून बॅटरी काढली आणि आत उजेड टाकला. इतक्या वर्षांत त्यांना मी कुठल्याही वस्तूच्या आत बघताना पाहिलं नव्हतं. मला म्हणावंसं वाटलं, नका बघू साहेब. पण बघणं हाच त्यांचा धंदा होता.

बॅटरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरकली. मग थांबली.

"चार बुडं जागेवर आहेत," ते म्हणाले. "पाचवी जागा रिकामी आहे. आदळून फुटला असता तर बूड राहिलं असतं. पाचवा कुठे आहे?"

मी पर्स घट्ट धरली.

"अगं, मी विचारतोय. पाचवा कुठे आहे?"

मी पर्स उघडली आणि रुमाल सोडून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी व्हॉल्व्ह बॅटरीसमोर धरला, काचेवरून बोट फिरवलं, पिना बघितल्या. फार वेळ लागला नाही. माझ्या माहितीतला सगळ्यात चांगला सर्व्हेअर होता तो.

"याला खूण नाही," ते म्हणाले. "म्हणजे मी पाडला तेव्हा हा जागेवर नव्हताच. आधीच सुटलेला होता."

"साहेब, कोणाला माहीत असणार..."

"त्या मोबाइलवाल्याला होतं. तो उघडतच होता." त्यांनी व्हॉल्व्ह रिकाम्या जागेवर धरला आणि अंगठ्याने हलकेच दाबला. बारीक टक् आवाज झाला आणि तो बसला. त्यांनी अंगठा उचलला नाही, तसाच ठेवून उभे राहिले. "एवढंच होतं," म्हणाले.

तो आवाज ऐकून काकू दारापासून टेबलाकडे आल्या. साहेबांना खांद्याने बाजूला सारत त्यांनी पेटीवर तळहात ठेवला आणि वाट बघायला लागल्या. आम्ही दोघंही वाट बघत उभे राहिलो, येणार काही नाही हे माहीत असून. बाहेर उन्हं उतरायला लागली होती.

"गारच आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी हात काढला आणि साहेबांकडे वळल्या. "अहो, हे आपलं घर नव्हे. कोणाकडे बसलोय आपण इतका वेळ? चला ना."

साहेबांनी आजवर त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. प्रत्येक वेळी समजावायचे, हेच आपलं घर आहे म्हणून. या वेळी त्यांनी काकूंच्या हातातली पिशवी घेतली, चपला घातल्या आणि म्हणाले, "चल. जाऊ घरी."

दोघं हळूहळू गल्लीच्या तोंडाकडे निघाले. मी दारात उभी राहून बघत होते. मोबाइलवाल्याच्या टेबलापाशी साहेब क्षणभर थांबले. तो उठून उभा राहिला आणि काहीतरी म्हणाला, बहुतेक रेडिओचंच. साहेबांनी नुसती मान हलवली आणि काकूंचा हात धरून पुढे गेले.